डिस्क विकत घ्यायची की थिएटरात जायचं? ठरवायच्या आधी हे वाचा

पिक्चरची आवड आहे, त्यासाठी थोडे पैसे बाजूला काढता येतात, पण ते तिकिटांवर घालायचे की ब्लू-रे आणि फोरके (ब्लू-रेच्या चौपट पिक्सेलवाल्या) डिस्कचं कलेक्शन सुरू करायचं हे कळत नाहीये, तर हे तुमच्यासाठी. माझं उत्तर आधीच देऊन टाकतो. पिक्चर पहिल्यांदा बघताय तर थिएटर, आणि बघून झाल्यावर पुन्हा बघावासा वाटला तर डिस्क. पण याला एक अट आहे, घरी अजून टीव्हीच्याच स्पीकरवर ऐकत असाल तर डिस्कवर पैसे घालायची घाई करू नका. लोक चित्रावरून तासन्‌तास वाद घालतात आणि आवाजाचा विषय राहूनच जातो, मला तर वाटतं निम्मा निर्णय आवाजावरच व्हायला पाहिजे.

चित्राचं आधी उरकून घेऊ. थिएटरात आता बहुतेक ठिकाणी रीळ नसतं, डीसीपी नावाचं डिजिटल पॅकेज येतं, त्यात प्रत्येक फ्रेम वेगवेगळी जेपेग २००० मध्ये साठवलेली असते, सेकंदाला २५० मेगाबिटपर्यंत डेटा आणि रंग १२ बिट (बिट जितके जास्त तितक्या रंगाच्या छटा जास्त). ऐकायला दणदणीत वाटतं, पण बऱ्याच हॉलमधले प्रोजेक्टर टूकेच असतात, म्हणजे २०४८ बाय १०८०, आणि पिक्चर रुंद असेल, २.३९:१ वाला, तर त्यातल्या ८५८ ओळीच वापरात येतात. आता तोच रुंद पिक्चर साध्या ब्लू-रेवर बघा, १९२० बाय १०८० मधून वरखालचे काळे पट्टे वजा केले की साधारण ८०० ओळी उरतात. ८५८ आणि ८००, बस. म्हणजे थिएटरात कितीतरी पट जास्त डिटेल असतं ही समजूत टूके हॉलपुरती तरी चुकीची आहे.

फरक पडतो तो डेटा किती दाबलाय यात. ब्लू-रेवर व्हिडिओला सेकंदाला जास्तीत जास्त ४० मेगाबिट मिळतात आणि रंग ८ बिट, त्यामुळे धुकं, धूर, मावळतीचं आकाश अशा ठिकाणी कधीकधी रंगाचे पट्टे दिसतात. फोरके डिस्कवर रंग १० बिटचे होतात, कोडेक, म्हणजे व्हिडिओ दाबायची पद्धत, जास्त चांगलं आहे आणि १०० जीबीची डिस्क असेल तर सेकंदाला १२८ मेगाबिटपर्यंत डेटा वाचता येतो. स्ट्रीमिंगवरचा फोरके साधारण १५ ते २५ मेगाबिटमध्ये चालतो, म्हणून 'फोरके म्हणजे फोरके, डिस्क कशाला' असं कोणी म्हणालं तर त्याला एखादा धो धो पावसाचा सीन दोन्हीकडे लावून दाखवा.

आणि एका बाबतीत घरचा टीव्ही थिएटरला सरळ मागे टाकतो, ते म्हणजे काळा रंग. नेहमीच्या पडद्याचा ठरलेला उजेड ४८ निट्स (निट हे उजेडाचं माप) असतो आणि प्रोजेक्टरचा काळा हा खरं तर गडद राखाडी असतो, त्यात बाहेर जायच्या दाराचे दिवे, पायऱ्यांचे दिवे. ओलेड टीव्हीवर काळा म्हणजे तो पिक्सेल चक्क बंद, आणि एचडीआर (लख्ख उजेड आणि गडद अंधार यांतलं अंतर जास्त दाखवणाऱ्या) डिस्कमधला लख्ख उजेड बऱ्याचदा १००० निट्सपर्यंत ठरवून दिलेला असतो. रात्री घडणारा, कंदिलाच्या नाहीतर गाडीच्या दिव्यांच्या उजेडातला पिक्चर मी दोन्हीकडे बघितलाय आणि घरी जास्त दिसतो, अगदी नक्की. लेझरवाले प्रीमियम हॉल असतील तर गोष्ट वेगळी, डॉल्बी सिनेमात पडदा साधारण १०८ निट्सपर्यंत जातो आणि काळाही खरोखर काळा दिसतो.

पण हे सगळं टीव्हीपासून किती लांब बसता यावर आहे. ५५ इंची टीव्हीने नजरेचा ३० अंशांचा भाग भरायचा तर साधारण साडेसात फुटांवर बसावं लागतं, आणि थिएटरसारखे ४० अंश पाहिजेत तर साडेपाच फुटांवर. सोफा दहा फुटांवर असेल तर ब्लू-रे आणि फोरके यांतला डिटेलचा फरक चांगल्या डोळ्यांनाही दिसत नाही, एचडीआरचा उजेड तेवढा कळेल. मग जास्त पैसे देऊन फोरके घ्यायच्या आधी सोफा पुढे सरकवून बघा, त्याला काही खर्च नाही.

आता आवाज. थिएटरातल्या डीसीपीत आवाज अजिबात न दाबलेला असतो, २४ बिट. डॉल्बी ॲटमॉस, म्हणजे चारी बाजूंनी आणि वरूनही आवाज आणायची पद्धत, २०१२ मध्ये आलं, त्यात ६४ पर्यंत वेगवेगळे स्पीकर चालवता येतात, छतावरचे धरून. आणि डिस्कची सगळ्यात मोठी ताकद हीच आहे की ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ हे डिस्कवरचे आवाजाचे दोन्ही फॉरमॅट लॉसलेस आहेत, म्हणजे स्टुडिओने डिस्कसाठी जो आवाज दिला तो जसाच्या तसा बाहेर येतो, स्ट्रीमिंगवरच्या ॲटमॉससारखा चाळून नाही. पण तो आवाज टीव्हीच्या तळाला नाहीतर पाठीमागे लावलेल्या दोन बारीक स्पीकरमधून ऐकायचा असेल तर तुम्ही डिस्कचे अर्धे पैसे वाया घालवताय असं मी स्पष्टच सांगेन. 'डायलॉग ऐकू येत नाहीत आणि स्फोट झाला की घर हलतं' अशी तक्रार बरेच जण डिस्कबद्दल करतात, बऱ्याचदा तो डिस्कचा दोष नसतो, आवाजाचं मिक्स मोठ्या हॉलच्या हिशोबाने केलेलं असतं, त्यातलं हळू आणि मोठं यातलं अंतर जपायला समोर एक धड सेंटर स्पीकर आणि एक सबवूफर (खोल, जड आवाजाचा स्पीकर) लागतो. तेवढं होईपर्यंत थिएटरात जा, तिथे तो सगळा सरंजाम तुमच्यासाठी आधीच लावून ठेवलाय आणि तिकीट काढलं की तुमचा.

कुठला पिक्चर थिएटरात बघायचा यावर नेहमीचं उत्तर असतं, मोठी मारामारी, अंतराळ, युद्ध असेल तर थिएटर आणि साधे शांत पिक्चर घरी. मला हे पटत नाही. मारामारीचा पिक्चर चांगल्या घरच्या सेटअपवर बऱ्यापैकी तसाच लागतो. थिएटरात सगळ्यात जास्त काय वाढतं तर विनोदी पिक्चर आणि भुताचा पिक्चर, कारण शंभर लोक एकदम हसले की तुम्हीही हसता आणि सगळा हॉल श्वास रोखून बसला की तुमच्याही पोटात गोळा येतो, हे कुठल्याही डिस्कवर येत नाही. आणि दुसरा नंबर त्या शांत, संथ पिक्चरांचा. घरी चार मिनिटं पडद्यावर काही घडलं नाही की हात फोनकडे जातोच, थिएटरात अंधार असतो, उठता येत नाही, मग तुम्ही त्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघतच राहता आणि पिक्चर हळूहळू चढायला लागतो. असे पिक्चर पडद्यावर लागतात फार कमी आणि उतरतात फार लवकर, म्हणून तिकिटाचे पैसे मी आधी त्यांच्यासाठी राखून ठेवतो.

उलट जुन्या पिक्चरांसाठी डिस्कच. यात एक गंमत आहे जी नवीन घेणाऱ्यांना माहीत नसते. ३५ एमएम फिल्मवर शूट केलेल्या जुन्या पिक्चरच्या निगेटिव्हमध्ये टूकेपेक्षा जास्त डिटेल असतं, ती नीट स्कॅन केली तर फोरके डिस्कवर खरोखरचं फोरके मिळतं. २००० नंतरच्या बऱ्याच वर्षांत मात्र पिक्चरचं शेवटचं काम टूकेमध्येच केलं जायचं, इफेक्ट वगैरे सगळं त्यातच, त्यामुळे अशा पिक्चरची फोरके डिस्क म्हणजे टूके ताणून मोठं केलेलं असतं (एचडीआर मिळतो, डिटेल नाही). म्हणून साठ वर्षं जुना पिक्चर वीस वर्षं जुन्या पिक्चरपेक्षा फोरकेवर चांगला दिसू शकतो. पण जुन्यातही फसवणूक आहे, काही ठिकाणी फिल्मचे दाणे घासून काढून टाकतात आणि माणसांचे चेहरे मेणाचे दिसतात. डब्यावर फोरके लिहिलंय एवढ्यावर जाऊ नका, स्कॅन निगेटिव्हवरून केलंय का आणि दाणे शिल्लक आहेत का हे रिव्ह्यूमध्ये बघून मगच घ्या. आणि जुनी डीव्हीडी स्वस्तात मिळतेय म्हणून उचलायची असेल तर एवढं लक्षात ठेवा की पाल पद्धतीच्या (भारत-युरोपातल्या जुन्या टीव्ही पद्धतीच्या) डीव्हीडीवर २४ फ्रेमचा पिक्चर बऱ्याचदा २५ ने पळवलेला असतो, दोन तासांचा पिक्चर पाचेक मिनिटं आधीच संपतो आणि आवाजही किंचित चढा लागतो.

पैशांचा हिशोब लोक एक तिकीट विरुद्ध एक डिस्क असा मांडतात, तो चुकतो. तिकीट माणशी असतं, डिस्क घराची असते. एकटे राहत असाल आणि पिक्चर एकदाच बघत असाल तर डिस्कचा हिशोब कधीच बसणार नाही. घरात चारपाच जण, त्यात लहान मुलं जी एकच पिक्चर पाठ होईपर्यंत बघतात, तर डिस्कचे पैसे पटकन वसूल होतात. शिवाय डिस्क मित्राला देता येते, कंटाळा आला तर विकता येते. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांच्यासाठी डिस्कवर आवाजांचं वर्णन असलेली सबटायटल्स बऱ्याचदा असतात, पाहिजे तेव्हा लावता येतात, थिएटरात तसे शो शोधावे लागतात. आणि एक्स्ट्रा मटेरियल, दिग्दर्शकाची, कॅमेरामनची कॉमेंट्री. १९८४ मध्ये क्रायटेरियन या कंपनीच्या लेझरडिस्कवर (डीव्हीडीच्या आधीची मोठी डिस्क) ही पद्धत सुरू झाली आणि पिक्चर कसा बनतो हे शिकायला आजही यापेक्षा चांगली सोय मला माहीत नाही.

मालकीचा मुद्दा पण आहे. गंमत म्हणजे थिएटरवाल्याकडेही पिक्चर असा नसतोच, डीसीपी कुलूपबंद येतं आणि त्याची डिजिटल किल्ली ठराविक सर्व्हरवर ठराविक तारखांपुरतीच चालते. तुम्ही ॲपवर 'विकत' घेतलेला पिक्चरही तसाच, तो परवाना असतो, आणि कॅलिफोर्नियात तर २०२५ पासून कायदाच आहे की असं असेल तर विकतानाच तसं स्पष्ट सांगा. डिस्क मात्र कपाटात आहे तोपर्यंत तुमची आहे, त्यातलं एक दृश्य कोणी मागाहून बदलू शकत नाही.

पण डिस्कवाले (मीही त्यातलाच) एक गोष्ट दाबून बोलतात ती म्हणजे प्लेअर. ओप्पोने २०१८ मध्ये प्लेअर बनवणं थांबवलं, सॅमसंगने २०१९ मध्ये, एलजीने २०२४ मध्ये. पर्याय कमी होत चाललेत, त्यामुळे कलेक्शन करायचं पक्कं असेल तर प्लेअर आधी घ्या, डिस्क नंतर. ड्राइव्ह असलेला प्लेस्टेशन ५ किंवा एक्सबॉक्स सिरीज एक्स घरात असेल तर फोरके डिस्क त्यावर चालते, वेगळा प्लेअर नको. प्लेस्टेशन ४ प्रोवर चालत नाही, नावात प्रो असलं तरी. कॉम्प्युटरवर फोरके डिस्क लावायचा विचार सोडून द्या, त्यासाठी लागणारी एसजीएक्स नावाची सोय इंटेलने नव्या प्रोसेसरांतून काढून टाकलीये. रिजन कोड (डिस्क कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालेल त्याची खूण) फोरके डिस्कला नसतो, ब्लू-रेला ए, बी, सी असतात, बाहेरून मागवताना डब्याच्या पाठीमागे बघून घ्या. ओरखड्यांचं म्हणाल तर ब्लू-रेचा डेटा पृष्ठभागाच्या फक्त ०.१ मिलिमीटर खाली असतो, डीव्हीडीचा ०.६, वरचा थर कडक असतो म्हणून चालतं, पण पुसताना मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही.

तर तुमच्याकडे काय आहे त्यावर सांगतो. छोटा टीव्ही, टीव्हीचेच स्पीकर, पिक्चर एकदाच बघायची सवय, तर थिएटर, आणि सीट शक्यतो मधोमध, हॉलच्या दोन तृतीयांश मागे, साधारण तिथेच आवाज नीट जुळतो. ओलेड आहे पण स्पीकर नाहीत, तर डिस्कचे पैसे साठवून आधी स्पीकर घ्या. दोन्ही आहे, तर नवीन पिक्चर थिएटरात बघा, मनात राहिला तरच डिस्क घ्या, आणि दर काही डिस्कमागे एक तरी जुना पिक्चर घ्या जो तुमच्या जवळच्या पडद्यावर आता लागणार नाही. पहिली डिस्क लावायच्या आधी टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन मोशन स्मूदिंग (टीव्ही मधल्या फ्रेम स्वतःच घालतो ती सोय) बंद करा, फिल्ममेकर मोड असेल तर तोच लावा, नाहीतर एवढं सगळं करून पिक्चर टीव्ही सिरियलसारखा गुळगुळीत दिसेल आणि दोष डिस्कला द्याल.