ग्लोबल फॉरेस्ट वॉच: सरकारला जाब विचारायला कितपत कामाचं?

निसर्ग पूर्ववत करण्याची वचनं सरकारं हेक्टरमध्ये देतात आणि हिशेब मात्र रोपांमध्ये मांडतात. बिघडलेली जंगलं आणि जमीन पूर्ववत करण्याच्या बॉन चॅलेंज या उपक्रमाचं जागतिक लक्ष्य २०३० पर्यंत ३५ कोटी हेक्टरचं आहे. संयुक्त राष्ट्रांच्या जैवविविधता कराराखाली डिसेंबर २०२२ मध्ये माँट्रियलला ठरलेल्या आराखड्यातलं दुसरं उद्दिष्ट सांगतं, की बिघडलेल्या परिसंस्थांपैकी किमान ३० टक्के क्षेत्रावर २०३० पर्यंत परिणामकारक पुनरुज्जीवन सुरू असलं पाहिजे. हे तपासायला नागरिकाच्या हाती असलेल्या फुकट साधनांत वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट या संस्थेचं ग्लोबल फॉरेस्ट वॉच हे उपग्रहांच्या माहितीवरून वृक्षाच्छादन दाखवणारं संकेतस्थळ ठळक आहे. आमचं मत आधीच सांगतो: तोड पकडायला उत्तम, पुनरुज्जीवन मोजायला फार तोकडं.

नकाशा पाहायला खातं लागत नाही. ठरावीक क्षेत्र जतन करून त्याच्या सूचना ईमेलवर हव्या असतील तरच लागतं, तेही फुकट. सीमा हाताने आखता येते, पण तसं करू नका. कडेची शेती आत येते आणि आकडा फुगतो. सरकारी सीमेची फाइल मिळवून चढवा. शेपफाइल (नकाशावरच्या सीमा साठवणारी फाइल) असेल तर तिचे चारही भाग (शेप, इंडेक्स, डीबीएफ आणि प्रोजेक्शन) एका झिपमध्ये हवेत, आणि निर्देशांक (अक्षांश-रेखांश) डब्ल्यूजीएस ८४ या जागतिक मोजपद्धतीत. प्रोजेक्शन चुकलं तर सीमा भलतीकडे सरकते. छोट्या तुकड्यांवर फार विसंबू नका: वार्षिक नुकसानीचा एक ठिपका ३० बाय ३० मीटरचा, म्हणजे ०.०९ हेक्टर. दोन-तीन हेक्टरच्या रोपवनात नुसत्या कडेच्या ठिपक्यांनीच उत्तर बदलतं.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो छत्राच्या घनतेत, म्हणजे जमिनीचा किती टक्के भाग झाडांच्या माथ्यांनी झाकलेला असला की तो मोजायचा यात. मुळात ती ३० टक्क्यांवर लावलेली असते. अन्न व कृषी संघटनेच्या व्याख्येत मात्र १० टक्के छत्र, ५ मीटर उंची आणि अर्धा हेक्टर क्षेत्र पुरतं. तुमच्या देशाची व्याख्या १० टक्क्यांची असेल तर सरकपट्टी १० वर आणा, नाहीतर विरळ जंगलातली तोड मोजलीच जात नाही. शिवाय त्या व्याख्येत जमिनीचा वापर धरतात. तोडून पुन्हा लावायची जमीन कागदावर जंगलच राहते. अधिकारी नेमकं हेच उत्तर देतात आणि ते खोटं नसतं. म्हणून सरकारकडे द्यायच्या अर्जात ‘जंगल गेलं’ असं लिहू नका, ‘वृक्षाच्छादन गेलं’ असं लिहा.

२००१ पासूनची वर्षवार नुकसानी मिळते, पण २००१-१० ची नंतरच्या वर्षांशी थेट तुलना करू नका. २०११ पासून मोजणीची पद्धत सुधारली, त्यामुळे वाढलेल्या आकड्यातला काही भाग नुसता चांगल्या नजरेचा असतो. कल दाखवायचा तर तीन वर्षांची सरासरी घ्या.

तोडीच्या ताज्या सूचना कामाच्या आहेत, मर्यादा ओळखून वापरल्या तर. प्रकाशीय उपग्रह (कॅमेऱ्यासारखे उजेडात चित्र टिपणारे) ढगांपुढे हतबल. रडारच्या सूचना ढगांतूनही येतात, पण उष्णकटिबंधातल्या दमट जंगलांपुरत्याच. कोरड्या पानगळीच्या जंगलांना तो आधार नाही. तक्रार करण्याआधी सूचनांची गाळणी (फिल्टर) ‘उच्च खात्री’वर लावा.

आता कमकुवत बाजू. वृक्षाच्छादनातली वाढ २००० ते २०२० या काळाची मिळते, वर्षवार नाही. त्यामुळे नुकसानीतून ती वजा करून निव्वळ आकडा काढणं चूक. नुकतं लावलेलं रोप पाच मीटरचं होईपर्यंत दिसतच नाही. उलट रबर, पामतेल, निलगिरीचे मळे मात्र झाडं म्हणून दिसतात. गवताळ माळावर झाडं लावली की नकाशा ‘वाढ’ दाखवतो, आणि माळढोकासारख्या उघड्या गवतावर जगणाऱ्या पक्ष्यांचं घर तेवढं कमी होतं. पाणथळ जागा पुन्हा जिवंत झाली का, प्राणी परतले का, यावर हे साधन गप्प आहे. हा त्याचा दोष नाही. ते त्यासाठी बनलेलंच नाही. दोष आहे तो हिरवा रंग दाखवून उद्दिष्ट गाठल्याचं सांगणाऱ्यांचा.

मग वापरायचं कसं? आधी जैवविविधता कराराच्या ऑनलाइन अहवाल-व्यवस्थेत आपल्या सरकारने नोंदवलेलं राष्ट्रीय उद्दिष्ट शोधा. त्यात आकडा, एकक, आधारवर्ष आणि मुदत आहे का ते पाहा. आधारवर्ष नसेल तर पहिला प्रश्न तोच. मग प्रत्येक पुनरुज्जीवन क्षेत्राची सीमा-फाइल, आधीची परिसंस्था, लावलेल्या प्रजाती आणि तिसऱ्या व पाचव्या वर्षी जगलेल्या रोपांचं प्रमाण लेखी मागा. सोबत नकाशाचं चित्र जोडताना नकाशातल्या थराचं (लेयरचं) नाव, छत्राची टक्केवारी आणि माहिती उतरवल्याची तारीख लिहा. एवढं नसलं तर अर्ज बाजूला सारायला निमित्त मिळतं.

सोबतचं फॉरेस्ट वॉचर हे मोबाइल ॲप नेटवर्क नसतानाही चालतं. आधी क्षेत्र उतरवून घ्या आणि जागेवरचे फोटो निर्देशांकांसह नोंदवा. संकेतस्थळ मराठीत नाही, ही अडचण खरीच. आता वेळेचं गणित: जैवविविधता कराराखाली सरकारांचे सातवे राष्ट्रीय अहवाल देण्याची मुदत २८ फेब्रुवारी २०२६ ठरली होती, आठव्याची ३० जून २०२९ आहे. पाचव्या वर्षीची मोजणी त्या आठव्या अहवालात हवी असेल, तर २०२४ च्या पावसाळ्यापर्यंत लावलेल्या क्षेत्रांच्या सीमा-फाइल आत्ताच मागून ठेवा.