पद्मिनीला एसी: डबा देखणा, ब्रॅकेट बोगस, फिटिंग एक नंबर

वकिलाकडून लोकांना तारखाच ऐकायची सवय असते, म्हणून निकाल आधीच देऊन टाकते. सासऱ्यांच्या १९८६ च्या प्रीमियर पद्मिनीला यंदा एसी बसवला. तो गार करतो. बसवणाऱ्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या गॅरेजला पाचपैकी साडेचार तारे. ज्यांनी सुटे भाग बनवून पाठवले त्यांना तीन, आणि तेही गार हवा सोडणाऱ्या डब्याच्या रूपासाठी.

सासरे एप्रिलमध्ये ओला सोलापुरी टॉवेल मागच्या खिडकीला अडकवून पंढरपूर गाठायचे. आपल्याकडची हवा कोरडी, त्यामुळे त्याने खरंच थोडं गार व्हायचं. मला मात्र अक्कलकोट-बार्शीच्या कोर्टात काळा कोट चढवून उभं राहायचं असतं, आणि ४२ अंशांत टॉवेलने भागत नाही. मुलगा म्हणतो, विकून टाक आणि नवी घे. ही गाडी काढणारी प्रीमियर कंपनी १९४४ साली ज्यांनी उभी केली ते वालचंद हिराचंद सोलापुरात जन्मले. गाडी कुर्ल्यात बनली असेल, माहेर इथलंच. विकायचा विषय आमच्याकडे तिथेच संपतो.

पूर्वी डॅशबोर्डखाली लटकवायचे ते एसीचे जुने डबे आता धड मिळत नाहीत. मिळाले तरी आतली कॉइल सडलेली निघते. म्हणून त्याच घाटाचा नवा डबा, उष्णता बाहेर टाकणारा पॅरलल फ्लो कंडेन्सर, गॅस दाबणारा छोटा कॉम्प्रेसर, तो इंजिनला अडकवायचं ब्रॅकेट आणि त्याला पट्ट्याने फिरवायला क्रँकसाठी (इंजिनचा मुख्य दांडा) जादा खाचेची पुली असा संच बाहेरगावाहून मागवला. डबा खरोखर देखणा आहे. क्रोमची पट्टी, गोल बटणं. गाडीत मुळापासून असावा असा दिसतो. फक्त झडपा हलक्या प्लॅस्टिकच्या आहेत, गाडी उन्हात तापली की अडकतात.

खरा घोळ ब्रॅकेटचा. भोकं दोन-तीन मिलिमीटर सरकलेली. गॅरेजच्या उस्तादांनी दोन्ही पुल्यांवर सरळ पट्टी धरून मला दाखवलं, कॉम्प्रेसरची पुली क्रँकच्या पुलीच्या रेषेत येतच नव्हती. तसंच आवळून दिलं असतं तर पट्टा किंचाळत राहिला असता आणि कडेने झिजून एक दिवस मोहोळच्या पुढे कुठेतरी तुटला असता. पाठवणाऱ्यांना फोटो पाठवले, तर "सगळ्यांना बसतं मॅडम" एवढंच उत्तर आलं. उस्तादांनी वाद घातला नाही. शेजारच्या लेथवाल्याकडून जाड प्लेटचं नवं ब्रॅकेट करून घेतलं आणि जुनं माझ्या हातात ठेवलं. "अक्का, कागदावर ठेवायला घेऊन जावा. वजन चांगलं हाय."

गाडीत वीज तयार करायला अजून जुना डायनामोच होता. कंडेन्सरचा पंखा, आतला ब्लोअर आणि कॉम्प्रेसरचा क्लच मिळून वीसेक अँपियर ओढतात, आणि गाडी उभी असताना डायनामो जवळजवळ काहीच देत नाही. म्हणून हळू फिरतानाही वीज देणारा अल्टरनेटर बसवल्याशिवाय ते पुढच्या कामाला हातच लावेनात. रेडिएटरही उघडून साफ केला.

गॅसबद्दल एक सांगायला हवं. जुन्या गाडीच्या एसीत जुनाच आर-१२ गॅस भरा, असा सल्ला मला कोर्टाच्या कँटीनमध्येसुद्धा मिळाला. तो गॅस ओझोनच्या थराला घातक म्हणून १९८७ च्या माँट्रियल कराराने बंद होत गेला. आज कुणी त्याचा सिलिंडर काढून दिला तर आत काय असेल, देव जाणे. उस्तादांनी त्याच्या जागी आलेला आर-१३४ए भरला, त्याला चालणारं तेल आणि गॅस न झिरपणारे होज वापरून. आधी पाऊण तास व्हॅक्यूम पंप, मग गेजची सुई हलत नाही याची खात्री, आणि मगच काट्यावर वजन करून गॅस. पाइपला हात लावून "झालं की" म्हणणारे गावात कमी नाहीत, म्हणून हे मुद्दाम लिहिते.

शिवाय एक काम त्यांनी मी न सांगता केलं. छताच्या अस्तराखाली उष्णतारोधक शीट लावलं, पेडलभोवतीची भोकं बुजवली, पुढच्या त्रिकोणी काचांचं रबर बदललं. माझ्या मते निम्मा गारवा याच कामाचा आहे.

आता गारवा किती? बाहेर ४२ असताना पुणे हायवेवर झडपेपाशी थर्मामीटर ९ दाखवतो. सात रस्त्याच्या सिग्नलला तोच १६ वर जातो. इंजिन हळू फिरलं की कॉम्प्रेसरही हळू, आणि कंडेन्सरला वारा फक्त पंख्याचा. एसी लागला की आयडलिंग (उभ्या गाडीत इंजिन फिरण्याचा वेग) वाढवणारा सोलेनॉइड, म्हणजे विजेवरचा खटका, कार्बोरेटरला लावलाय, त्यामुळे गाडी बंद पडत नाही, एवढंच. उस्तादांनी आधीच बजावलं होतं, "सिग्नलला मला शिव्या घालू नका." १०८९ सीसीचं इंजिन, जोर चाळीसेक घोड्यांचा, त्यातले काही एसी खातो हे पायाला कळतं. तुळजापूरच्या घाटात अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की एक छोटा स्विच कॉम्प्रेसर बंद करतो, माथ्यावर पुन्हा चालू करतो. लिटरमागे दीडेक किलोमीटर कमी झालेत.

खर्च: संच ४२ हजार, अल्टरनेटर, रेडिएटर आणि नवं ब्रॅकेट १३ हजार, मजुरी गॅससकट १४ हजार. बिल लेखी मिळालं. डब्याचं पाणी डाव्या सीटवर बसणाऱ्याच्या पायावर गळत होतं, तेव्हा पाइपचा उतार बदलून दिला, पैसे न घेता.

मग अर्धा तारा का कापला? "परवा देतो" या वाक्यासाठी. इतक्या परवा तर आमच्या दिवाणी कोर्टातही पडत नाहीत.

कुणी असा संच मागवणार असेल तर ब्रॅकेटचे फोटो नकोत, मोजमापं मागा, आणि ती आपल्या मिस्त्रीला दाखवूनच पैसे पाठवा. गाडी फक्त नवी पेठ ते पार्क चौक फिरत असेल तर मात्र हा खर्च करू नका. तेवढ्या अंतरात डबा गार व्हायच्या आत घर येतं.