अंतर बरोबर, वेळेचं मात्र काही खरं नाही

दोन छोट्या विमानतळांमधलं अंतर आणि फ्लाइटचा वेळ सांगणारी एक फुकट साइट गेल्या आठवड्यात वापरली, नाव घेत नाही कारण अशा सगळ्या साइट सख्ख्या बहिणीच वाटतात.

आधी चांगलं सांगते. तीन अक्षरी कोड टाकले की लगेच आकडा येतो, माझा आला 410 किमी, खाली 255 मैल आणि 221 नॉटिकल मैल असं वेगवेगळं दिलंय, हे बरं केलं, कारण साधा मैल 1.609 किमीचा आणि नॉटिकल 1.852 चा, लोक सर्रास घोळ घालतात. लांबच्या जोड्या टाकल्या तर नकाशावर रेघ कमानीसारखी वाकते, ती चूक नाहीये हां, पृथ्वी गोल आणि नकाशा सपाट, मग जवळचा रस्ता तसाच दिसणार. फक्त कोड नीट बघून टाका, एसजेसी म्हणजे कॅलिफोर्नियातलं सान होजे आणि एसजेओ म्हणजे कोस्टा रिकातलं, एका अक्षरात देश बदलतो.

आता वेळ. साइट म्हणाली 1 तास 1 मिनिट. तिकिटावर 1 तास 25 होतं पण मला वाटलं एअरलाइनवाले हातचं राखून लिहितात (थोडं लिहितातच), म्हणून न्यायला येणाऱ्या दादाला मी साइटवालाच वेळ कळवून टाकला.

नंतर चार-पाच जोड्या टाकून बघितल्यावर गंमत कळली, अंतराला सरळ 800 ने भागतात आणि वर 30 मिनिटं चिकटवतात, झालं! अहो 800 हा मोठ्या जेटचा स्पीड. छोट्या रूटवर बऱ्याचदा पंख्यांचं एटीआर 72 असतं, ते ताशी 500 च्या आसपास जातं, म्हणजे नुसत्या सरळ रेघेलाच 49 मिनिटं. शिवाय हळू विमानाला वारा जास्त नडतो, समोरून ताशी 50 किमीचा वारा असला तर तेच अंतर जायला 55 मिनिटं आणि पाठीमागून असला तर 45. साइटवर जाताना-येताना एकच आकडा.

मी खिडकीशी बसून फोनवर स्टॉपवॉच लावला होता (शेजारचे काका सारखे वाकून बघत होते). चाकं हलल्यापासून धावपट्टीच्या टोकाला जाऊन उडेपर्यंत 11 मिनिटं, हवेत 58, उतरून थांबेपर्यंत 5. एकूण 74. आणि विमानतळ तर खिडकीतून चक्क मागे जाताना दिसला, वारा समोरून घेऊन उतरायचं असतं म्हणून पुढे जाऊन वळसा मारून आलो. ते साइटला कुठून कळणार, तो दोष मी देत नाही, पण जेट की पंख्याचं एवढं तरी विचारा ना, दोन बटणांचं काम आहे.

पाचपैकी तीन स्टार, तिन्ही अंतराला. वेळ तिकिटावरचाच धरा, त्यात जमिनीवर रांगत जायचा वेळ पण धरलेला असतो.

फोन चालू केला तर दादाचे चार मिस्ड कॉल आणि एक मेसेज, "उडालीस तरी का?"