इंडोनेशियाचे स्वातंत्र्ययुद्ध: राजारामपुरीतील एका अभ्यासवर्गाविषयी

राजारामपुरीतील एका छोट्या अभ्यासिकेने इंडोनेशियाच्या १९४५ ते १९४९ या काळातील स्वातंत्र्ययुद्धावर नुकताच रविवार सकाळचा सशुल्क अभ्यासवर्ग घेतला. शिवकाळ आणि शाहूकाळ यांवरील व्याख्यानांची कोल्हापुरात कधीच वाण नसते. डचांच्या ताब्यातील जावा-सुमात्रेच्या लढ्यावर मात्र इतके सलग आणि अभ्यासपूर्वक कोणी बोलल्याचे माझ्या ऐकिवात नाही. त्रुटी असूनही हा वर्ग जरूर करावा असे मी म्हणतो, ते मुख्यतः जावातील सुराबाया या बंदराच्या शहरावरील सत्रामुळे.

जपानच्या शरणागतीनंतर दोनच दिवसांनी, १७ ऑगस्ट १९४५ रोजी, सुकार्णो आणि हट्टा या राष्ट्रवादी नेत्यांनी स्वातंत्र्य जाहीर केले. युद्धकाळात जपानने हुसकावलेले डच परत येऊ पाहत होते. १९ सप्टेंबरला सुराबायातील एका हॉटेलवर डच निशाण चढताच तरुणांनी वर चढून त्यातील निळा पट्टा फाडला आणि उरलेले लाल-पांढरे निशाण, म्हणजे स्वतःचेच राष्ट्रध्वज, तिथे फडकत ठेवले. हा प्रसंग शिक्षकांनी थोडक्यात सांगितला आणि ते लगेच मूळ मुद्द्यावर आले: २५ ऑक्टोबरला त्या बंदरात उतरलेली, ब्रिटिशांच्या फौजेतील ४९ वी हिंदी (म्हणजे भारतीय) ब्रिगेड. जपान्यांची शस्त्रे ताब्यात घेणे आणि छावण्यांतील कैदी सोडवणे हे तिचे सांगितलेले काम होते, आणि तिच्यात मराठा लाइट इन्फंट्रीचे जवान होते.

पुढचे चार-पाच दिवस शिक्षकांनी तारीखवार उलगडले. ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडियर मॅलबी यांनी स्थानिक नेत्यांशी, त्यांची शस्त्रे काढून न घेण्याचा, समझोता केला होता. परंतु २७ तारखेला जाकार्ताहून आलेल्या विमानाने ४८ तासांत शस्त्रे खाली ठेवण्याची पत्रके शहरावर टाकली आणि मॅलबींनी दिलेला शब्द त्यांच्या वरिष्ठांकडूनच मोडला गेला. दुसऱ्या दिवशी शहर उठले, विखुरलेल्या तुकड्या ठिकठिकाणी वेढल्या गेल्या आणि सुकार्णोंना युद्धविरामासाठी विमानाने आणावे लागले. ३० ऑक्टोबरला मॅलबी मारले गेले, ते मराठा पलटणीच्या एका कंपनीने धरून ठेवलेल्या इंटरनॅशिओ या व्यापारी कंपनीच्या इमारतीसमोर. १० नोव्हेंबरला ५ व्या हिंदी डिव्हिजनने रणगाडे, विमाने आणि युद्धनौकांच्या तोफा घेऊन शहरावर चढाई केली. सुमारे तीन आठवडे लढाई चालली. इंडोनेशियात हा दिवस आजही वीर दिन म्हणून पाळला जातो.

वर्गात शिरोळ तालुक्यातील सैनिक टाकळीहून येणारे एक निवृत्त सुभेदार होते. त्यांनी विचारले, "सर, म्हणजे आपल्या पोरांना दुसऱ्याच्या स्वातंत्र्यावर बंदूक रोखायला लावली, असंच ना?" शिक्षकांनी "होय" म्हटले, आणि मग नेहरूंनी व काँग्रेसने हिंदी फौजेच्या या वापराला केलेला विरोध, तसेच फौज सोडून इंडोनेशियन प्रजासत्ताकाच्या बाजूला गेलेले हिंदी सैनिक, या दोन्ही गोष्टी सांगितल्या. त्यांनी पलटणीच्या शौर्याला उणे लेखले नाही आणि त्या शौर्याआड साम्राज्याचा हेतूही झाकला नाही. एक गुलाम देश दुसऱ्या गुलाम देशावर कसा चालून जातो, हे मला प्रथमच इतके नेमके समजले.

यानंतरचा भाग मात्र घाईत उरकला गेला. डचांशी झालेले लिंगाजाती आणि रेनव्हिल हे करार, १९४७ आणि १९४८ मधील दोन डच आक्रमणे, क्षयाने जर्जर असूनही डोलीतून गनिमी लढा चालवणारे सेनापती सुदिरमान, हे सारे एकाच बैठकीत कोंबले होते. बिजू पटनाईक यांनी जुलै १९४७ मध्ये इंडोनेशियाचे माजी पंतप्रधान शहरीर यांना विमानाने जावाबाहेर काढले, आणि जानेवारी १९४९ मध्ये नेहरूंनी इंडोनेशियासाठी दिल्लीत परिषद बोलावली. या दोन घटनांना मिळून मोजकीच वाक्ये आली. जावातील रावागेडे गावी डच सैन्याने १९४७ मध्ये केलेल्या कत्तलीबद्दल हेगच्या न्यायालयाने २०११ मध्ये डच राज्यसंस्थेला जबाबदार धरले, हे सांगितले गेले, पण त्यावर चर्चा झाली नाही. २७ डिसेंबर १९४९ रोजी सार्वभौमत्व मिळाले, तेव्हा नव्या देशाच्या माथी ४ अब्ज ३० कोटी गिल्डरचे (डच चलन) कर्ज मारण्यात आले. ते का स्वीकारावे लागले, हा माझ्या मते संपूर्ण विषयातील सर्वात महत्त्वाचा आर्थिक प्रश्न होता आणि तोच राहून गेला.

शुल्क वाजवी आहे, बसण्याची सोय चांगली आहे आणि प्रश्न कितीही लांबला तरी शिक्षक कंटाळत नाहीत. टिपणे मात्र सगळी इंग्रजीत आहेत, आणि झेरॉक्स नकाशे इतके पुसट की सुराबायाचे बंदर कोणते आणि नदी कोणती, हे शेजाऱ्याला विचारावे लागते. तालुक्यातून येणाऱ्यांचा विचार करून मराठी टिपणे दिलीच पाहिजेत, असे मी चालकांना लेखी कळवले आहे.

पुढील तुकडी दिवाळीनंतर सुरू होणार आहे. आजोबा-पणजोबा मराठा पलटणीत होते अशा घरांतून जुनी सेवापुस्तिका, पत्रे किंवा पदके कोणी आणली, तर शिक्षक वर्ग संपल्यावर थांबून ती वाचून देतात.