द टेरिटरी : करवत चालवणाराही इथे बोलतो

‘द टेरिटरी’ हा माहितीपट (२०२२, दिग्दर्शक अॅलेक्स प्रिट्झ, लांबी दीड तासाच्या आत) पाहून झाल्यावर माझ्या डोक्यात सगळ्यात जास्त घोळत राहिला तो सर्जिओ. हा गृहस्थ जंगल वाचवणाऱ्यांपैकी नाही. जन्मभर दुसऱ्यांच्या जमिनीवर राबला, आता स्वतःचा एक तुकडा हवा म्हणून त्याने आपल्यासारख्यांची संघटना काढलीय. नकाशे पसरतो, बैठका घेतो, सगळं कागदोपत्री व्हावं म्हणून धडपडतो. फक्त ज्या जमिनीवर त्याचा डोळा आहे ती ब्राझीलच्या रोंदोनिया राज्यातल्या उरू-एउ-वाउ-वाउ आदिवासींच्या राखीव प्रदेशातली आहे. दुसरा एक मार्टिन्स. त्याला कागदांची वाट बघायचा धीर नाही, तो करवत घेऊन थेट आत शिरतो. कॅमेरा त्याच्या मागे-मागे जातो आणि झाड कोसळेपर्यंत हलत नाही.

‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा ऐकत मोठ्या झालेल्या माणसाला इथे अस्वस्थ व्हायला होतं. सर्जिओचं म्हणणं तेच तर आहे! त्याला खलनायक करून मोकळं होणं दिग्दर्शकाला सहज जमलं असतं. जंगलतोडीवरच्या कितीतरी माहितीपटांत तोडणारे लोक दिसतच नाहीत. आधी धुक्यातलं जंगल, मग जळालेली खोडं, मागे गंभीर आवाजातलं निवेदन. तोड जणू आपोआप झाली. इथे निवेदक नाही, त्यामुळे कुणाचा राग करायचा हे आपल्याला आयतं मिळत नाही.

मी भूगोल शिकवते. रोंदोनियाची उपग्रहचित्रं वर्गात दरवर्षी दाखवते, कारण माशाच्या काट्यासारखी जंगलतोड इतकी स्पष्ट क्वचितच कुठे दिसते: मधोमध मुख्य रस्ता, त्याला काटकोनात फुटलेले आडवे रस्ते, प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंना साफ केलेले पट्टे. १९८०च्या दशकात जागतिक बँकेच्या कर्जातून बीआर-३६४ महामार्ग डांबरी झाला आणि वसाहतींचा लोंढा आला, एवढं मी सांगते आणि पुढच्या चित्राकडे वळते. त्या काट्याची एक नवी फांदी जमिनीवर कशी फुटते, हे मी पहिल्यांदा या फिल्ममध्ये पाहिलं. आधी पायवाट, मग खुणा, करवत, आग, आणि राख निवली की गवत आणि गुरं. साडेअठरा हजार चौरस किलोमीटरच्या आसपासचा हा प्रदेश आता चारी बाजूंच्या कुरणांत बेटासारखा उरलाय.

उरू-एउ-वाउ-वाउ लोक दोनशेसुद्धा नाहीत. बाहेरच्या सरकारी जगाशी त्यांचा संपर्क आला १९८१मध्ये. बिताते हा विशीच्या आतला मुलगा त्यांचा नेता होतो, आणि नेइदिन्या बांदेइरा ही कार्यकर्ती, जिला धमक्यांची सवय झालीय, त्यांच्या पाठीशी उभी राहते. २०१८मध्ये आदिवासींच्या राखीव जमिनींना विरोध करणारे बोल्सोनारो ब्राझीलचे राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून येतात तेव्हा एकच बातमी दोन्हीकडे, जमीन मागणाऱ्यांकडे आणि आदिवासींकडे, पोचते. एकीकडे आनंद, दुसरीकडे पोटात गोळा. एप्रिल २०२०मध्ये जंगलात गस्त घालणाऱ्या आदिवासींच्या गटातला अरी मारला जातो. हा भाग फिल्म आरडाओरडा न करता दाखवते, आणि ते बरोबरच केलंय.

त्याच सुमारास कोविड येतो. बिताते प्रदेशाच्या सीमा बंद करतो, चित्रीकरण करणाऱ्यांनाही आत घेत नाही. मग कॅमेरे आत जातात आणि पुढचं चित्रीकरण तिथलेच लोक करतात. इथून फिल्मची चालच बदलते. फ्रेम हलते, धावते, कुणीतरी धापा टाकतंय. ड्रोनने अतिक्रमण शोधायचं, तिथपर्यंत चालत जायचं, झोपड्या जाळायच्या आणि सगळं पुराव्यासाठी टिपून ठेवायचं. आधीची देखणी, मुंग्या-किड्यांच्या अगदी जवळ जाणारी दृश्यं मला थोडी जास्तच सजवलेली वाटली होती. या उत्तरार्धात तसं काही उरत नाही.

तक्रार एकच, पण मोठी. सर्जिओला एवढी आशा वाटते कशाच्या जोरावर? ब्राझीलने २००९च्या कायद्याने अॅमेझॉनमधल्या केंद्र सरकारी जमिनींवरचे २००४पर्यंतचे कब्जे नियमित करायची वाट मोकळी केली, २०१७मध्ये ती तारीख २००८पर्यंत पुढे सरकवली. आदिवासी प्रदेशांना हे लागू नाही. पण तारीख एकदा सरकली की पुन्हा सरकेल, हा हिशेब कुणीही मांडेल. फिल्म याबद्दल जवळपास गप्प आहे. तिथल्या कुरणांवरची गुरं शेवटी विकत कोण घेतं, हेही येत नाही. परिणामी दोन गरीब गट एकमेकांना भिडलेत आणि पैसेवाला चौकटीबाहेर बसलाय, असं चित्र उरतं. आणखी दहा मिनिटं लांबली असती तरी चाललं असतं.

सन्डन्स चित्रपट महोत्सवात प्रेक्षक पुरस्कार आणि नंतर टीव्हीसाठीचा एमी पुरस्कार मिळालाय, त्यामुळे नाव शोधायला अडचण येऊ नये. संवाद पोर्तुगीज आणि आदिवासी भाषेत आहेत, म्हणजे उपशीर्षकं वाचावी लागणार. लहान मुलांना दाखवू नका. नववी-दहावीच्या मुलांना जरूर दाखवा, पण आधी नकाशा दाखवून. आणि मोबाइलवर बघत असाल तर निदान हेडफोन लावा, कारण करवतीचा आवाज बऱ्याचदा माणसं दिसायच्या आधी येतो आणि मोबाइलच्या स्पीकरवर तो नुसती भुणभुण होऊन जातो.