बडीशेप की चक्रीफूल? मालवणी मसाला करण्याआधी

मिरच्या कडक वाळल्या, धणे निवडून झाले, की यादीपाशी गाडी अडते. चक्रीफूल महाग, कारण ते बहुतेक चीन-व्हिएतनामहून येतं. बडीशेप गुजरात-राजस्थानची, स्वस्त. मग चक्रीफूल गाळून बडीशेपच वाढवली तर? सागोतीसाठी, म्हणजे कोंबडी-मटणाच्या रश्श्यासाठी, मसाला करणार असाल तर तसं करू नका. दोन्ही घ्या, प्रमाण सांभाळा.

दोन्हींचा गोडसर वास मुख्यतः एकाच द्रव्याचा, ॲनेथॉलचा. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात सहज उतरतं. म्हणूनच भाजक्या खोबऱ्याच्या वाटपात हा वास मुरतो. उकळत्या रश्श्यात वरून पूड टाकून ती चव येत नाही.

फरक जोराचा आहे. चक्रीफुलाच्या तेलात साधारण ८० ते ९० टक्के ॲनेथॉलच असतं. बडीशेपेच्या तेलात ते बहुधा कमी, आणि जोडीला फेंचोन, कापराच्या वळणाचं आणि कडसर. त्यामुळे बडीशेप भाजली की धण्यांत मिसळून जाते. चक्रीफूल मिसळत नाही, पुढे येतं. जास्त झालं की कोंबडीच्या रश्श्याला बिर्याणीचा वास मारतो आणि दगडफूल, नागकेशर दबून जातात. मालवणी मसाल्यात दगडफूल हरवलं तर राहिलं काय? किलोभर मिरचीला बडीशेप १०० ग्रॅम धरली, तर चक्रीफूल २० ग्रॅमच्या वर मी जाऊ देणार नाही. तोच मसाला माशांच्या कालवणालाही लागणार असेल तर त्याच्याही निम्मं. आणि बांगड्याच्या तिखल्याला या दोघांचंही काम नाही, तिथे तिरफळच हवं.

ज्येष्ठमधाचा गोडवा याच जातीचा वाटतो, पण तो ग्लिसरायझिन या वेगळ्याच द्रव्याचा. मसाल्यात नको. रक्तदाब असलेल्यांनी तर रोजच्या काढ्यातही जपून.

चक्रीफूल अखंड बघून, खात्रीच्या दुकानातूनच घ्या, चुरा नको. शिकिमी या जपानी झाडाचं फळ हुबेहूब तसंच दिसतं आणि ते विषारी आहे. अशा भेसळीच्या भीतीनेच अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाने (एफडीए) २००३ मध्ये चक्रीफुलाच्या चहाबद्दल इशारा दिला होता; त्याआधी तान्ह्या बाळांना झटके आल्याच्या तक्रारी होत्या. पोटदुखीवर म्हणून बाळाला चक्रीफुलाचं पाणी कुणी सुचवलं तर स्पष्ट नाही म्हणा आणि डॉक्टरांना दाखवा.