जांबोटीकडचा गोठा-कॉटेज: उतार वजा जाता सगळं झकास

बुकिंग साइटवाल्यांनी परवा मला दोनशे रुपयांचं कूपन पाठवलं. तेही पुढच्या बुकिंगवर, आणि बिल चार हजारांच्या वर गेलं तरच लागू. सोबत मेसेज: "पलंगामुळे झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत." अहो, पलंगाला काय झालंय? पलंग दणकट आहे, गादी नवी आहे. जमीन तिरकी आहे, जमीन! हे लिहून लिहून माझी बोटं झिजली. आता निदान जाणाऱ्यांना तरी कळू दे म्हणून सविस्तर लिहितोय.

जागा ओळखणारे ओळखतीलच. बेळगावहून पिरनवाडी, किणये करत जांबोटी, तिथून चोर्ल्याच्या रस्त्याने पुढं आणि कणकुंबीच्या अलीकडे आत वळायचं. जुन्या गोठ्याची राहायची खोली केलीय, साइटवर 'बार्न कॉटेज' म्हणून टाकलंय. माळा, गव्हाण, काचेची कौलं, अंगणातला फणस, हे फोटो सगळ्यांनी पाहिलेत, त्यामुळे खोल्या किती नि झोपतात किती हे सांगत बसत नाही. माझं काम घरूनच चालतं. बेळगावात टिळकवाडीत आमच्या शेजारी मजल्यावर मजले चढवणं चाललंय, त्या ड्रिलच्या आवाजातून सुटायला म्हणून उन्हाळ्यात इथं आलो आणि तेव्हापासून आम्हा नवराबायकोचं येणंजाणं सुरू आहे. पावसाळा पूर्ण काढला, आता थंडी लागलीय. म्हणजे दोन दिवस राहून पाच तारे देणाऱ्यांपैकी मी नव्हे.

तर उतार. गोठ्याची जमीन गव्हाणीकडून मोरीकडे उतरती असते हे मलाही माहीत आहे. गुरं गव्हाणीकडे तोंड करून बांधतात, मूत आणि धुण्याचं पाणी मागच्या नालीत जायला पाहिजे. पशुपालनाच्या पुस्तकात चाळीस ते साठ फुटांना एक फूट इतका उतार सांगतात, म्हणजे दहा फुटांत दोन ते तीन इंच. इथं किती आहे ते मी मोजलं. गवंडी वापरतात ती पाणी भरलेली लेव्हलची नळी जागेच्या मालकांकडे होती, एक टोक बायकोने गव्हाणीजवळ धरलं, दुसरं मी नालीजवळ. दहा फुटांत साडेचार इंच! पलंगाच्या लांबीत पावणेतीन इंच. डोकं नालीकडे केलं तर रात्रभर रक्त मेंदूत, पाय नालीकडे केले तर सकाळी उशी वर आणि आपण खाली. पलंग आडवा लावला तर जो वरच्या बाजूला तो दुसऱ्याच्या अंगावर. लग्नाला वीस वर्षं झाल्यावर ही सोय कुणाला हवीय?

मालक मामांना विचारलं (सगळे त्यांना मामाच म्हणतात), तर ते म्हणाले, "गोठ्याला उतार नको व्हय साहेब? मूत साचलं तर म्हशीची खुरं कुजत्यात की." मी म्हटलं, मामा, आता म्हशी कुठायत? तर ते शांतपणे म्हणाले, "म्हशी न्हाईत, खरं गोठा हाय न्हवं."

गंमत म्हणजे पहिल्याच मुक्कामात ऑफिसच्या मीटिंगमध्ये हे जगजाहीर झालं. खुर्चीला चाकं आहेत. मी बोलत होतो आणि हळूहळू कॅमेऱ्याच्या बाहेर चाललो होतो. पुण्याचा मॅनेजर म्हणाला, "कुठं निघालास?" त्यानंतर खुर्चीच्या चाकांना सुतळी बांधली.

साइटला तक्रार केली तेव्हा त्यांनी फोटो मागितला. उताराचा फोटो काढून बघा तुम्ही! शहाबादी फरशी फोटोत आरशासारखी सपाट दिसते. मग लिंबू ठेवून व्हिडिओ काढला. गव्हाणीपासून सुटलेलं लिंबू पलंगाखालून, टेबलाच्या पायाला वळसा घालून टपकन नालीत. याहून मोठा पुरावा काय द्यायचा? उत्तर आलं, फाइल मोठी आहे, चालत नाही. छोटी करून पाठवली. उत्तर आलं, खोली वर्णनाप्रमाणेच आहे. वर्णनात उताराचा उ नाही, आणि साफसफाईचे साडेतीनशे मात्र प्रत्येक वेळी बिलात. नाली तर मी स्वतःच झाडत होतो.

आता दुसरी बाजू. मुळात हा गोठा बांधणारा गवंडी कच्चा नव्हता. गव्हाणीचा कठडा बघा. तिथं आता गॅसची शेगडी ठेवलीय, आणि त्या कठड्यावर पाण्याचं ताट ठेवलं तर पाणी काठाला कुठंच कमीजास्त दिसत नाही. डोसा सगळीकडून एकसारखा होतो. चिऱ्याचा तो कठडा म्हशींच्या माना घासून घासून एका बाजूला इतका गुळगुळीत झालाय की बायको रोज सकाळी चहा घेऊन तिथंच टेकते. म्हणजे जिथं लेव्हल हवी तिथं लेव्हल आणि जिथं उतार हवा तिथं उतार, हे त्या माणसाला पक्कं कळत होतं.

आणि मग बाथरूम बघा. हे नवीन बांधकाम, खानापूरच्या कुणा कंत्राटदाराचं. टाइल्स चकचकीत, नळ फॅशनेबल, आणि पाणी जाळीकडे न जाता दाराकडे! अंघोळ झाली की दारात तळं. प्रत्येकाने खराटा घेऊन पाणी उलटं हाकायचं. ज्या एका जागी नीट उतार पाहिजे तिथंच तो उलटा. आधी मला वाटायचं की जमीन जुनी म्हणून त्रास; बाथरूम वापरल्यावर त्या जुन्या गवंड्याबद्दल आदर वाढला, पलंगाबद्दलचा राग मात्र तसाच.

जुलैत मत आणखी सरकलं. या पट्ट्यात पाऊस कसा असतो ते बेळगावकरांना सांगायला नको. शहरात रिमझिम असते तेव्हा जांबोटीच्या पुढं समोरचं झाड दिसत नाही. इथल्या पाण्याचंही उताराशीच नातं आहे. मलप्रभा कणकुंबीत उगम पावते आणि पूर्वेला कृष्णेकडे जाते, आणि इथलीच म्हादई पश्चिमेला गोव्यात उतरते. त्या पाण्यावरून कर्नाटक नि गोवा लवादापर्यंत गेले, २०१८ साली निकाल लागला तरी भांडण काही मिटलेलं नाही. मी तर फक्त एका पलंगाबद्दल बोलतोय. असो.

त्या रात्री वानरांनी सरकवलेलं एक कौल वाऱ्याने पार निसटलं. आढ्याखालून धार लागली. लाइट गेलेली, इन्व्हर्टरवर एकच दिवा. आम्ही पलंग ओढला, लॅपटॉप माळ्यावर टाकला आणि बघत बसलो. धार फरशीवर पडत होती, चादरीएवढी पसरून नालीकडे जात होती आणि भिंतीच्या भोकातून बाहेर. तासाभराने पाऊस ओसरला तेव्हा खोलीत कुठं थेंबभर पाणी साचलेलं नव्हतं. पलीकडे मामांच्या पोराने नवीन 'डिलक्स' खोली बांधलीय, एसी आणि मोठ्या पांढऱ्या टाइल्सवाली. तिच्यात व्हरांड्यातून झड आत गेली आणि पाणी जिथल्या तिथं. हुबळीचं एक कुटुंब होतं, त्यांच्या खाली टाकलेल्या गाद्या चिंब. रात्री दीड वाजता ती मंडळी आमच्या गोठ्यात येऊन बसली. चहा झाला. त्यांच्या आजीने माझ्या पलंगाखालचे ठोकळे बघून कन्नडात काहीतरी म्हटलं आणि सगळे हसले. मला कळलं, पण न कळल्यासारखं केलं.

हां, ठोकळे सांगायचे राहिले. मामांनी फणसाच्या लाकडाचे दोन ठोकळे तासून दिले, पलंगाच्या खालच्या बाजूच्या पायांना. बरोबर पावणेतीन इंच. तेवढ्यावर प्रश्न संपायला हवा होता. पण मामी फरशी पुसायला पलंग हलवतात आणि ठोकळे परत लावताना कधी वरच्या पायांना लावतात. मग उतार दुप्पट! शेवटी मी दोन्ही ठोकळ्यांवर मार्करने 'मोरीकडे' असं लिहून ठेवलंय. तुम्ही गेलात तर ते पुसू नका.

नालीच्या भोकाला जाळी नव्हती, तिथून पावसाळ्यात पाहुणे येतात. बेडूक रोजचेच. एकदा सकाळी चांगला तळहाताएवढा खेकडा नालीत बसलेला. बायको किंचाळली, मामी आल्या, एका हाताने उचलला आणि म्हणाल्या, "आणि दोन मिळाले तर रस्सा होईल." मिळाले. मग मात्र मी मामांकडून जाळी बसवून घेतली, कारण खेकडा येतो तिथून साप पण येतो. जाळी आहे की नाही हे गेल्या गेल्या बघा.

बाकीचं भराभर. मोबाईलची रेंज अंगणातल्या फणसाखाली, आत नाही. फायबरचं इंटरनेट आहे, लाइट असेपर्यंत चालतं. काचेच्या कौलातून सकाळी ऊन नेमकं डोळ्यांवर येतं. टॉवेल बांधायची सोय मी केलीय. माळ्यावर एप्रिल-मे मध्ये झोपू नका, कौलं तापतात. वळचणीत छोटी वटवाघळं असतात, काही करत नाहीत. एक पाहुणा त्यांना इथल्या जंगलातल्या बारापेड्याच्या गुहेतलं दुर्मीळ वटवाघूळ समजून रात्रभर फोटो काढत बसला होता. मामांनी सांगूनही ऐकेना. पहिल्या पावसात फरशीच्या सांध्यांतून गोठ्याचा वास येतो, आठवड्याने जातो. फरशीत जुन्या दावणीच्या लोखंडी कड्या तशाच ठेवल्यात, फोटोत छान दिसतात आणि अंधारात अंगठा फोडतात. रात्री गाडी चालवत असाल तर सावकाश, हा भीमगड अभयारण्याचा शेजार आहे, रस्त्यावर गवा उभा असतो आणि तो हॉर्नला भीत नाही. मे संपता संपता काजवे बघायला मिळतात, त्यासाठी पैसे घेत नाहीत. अजून तरी.

जेवण मामींचं, ताटाला अडीचशे. उसळ, नाचणीची भाकरी, कुळथाची आमटी, भात इथलाच. तक्रार नाही. गावठी कोंबडी हवी तर आदल्या दिवशी सांगायची. पाण्याचं मडकं खानापूरच्या लाल मातीचं आहे, फ्रिजची आठवण येत नाही. लाइट मीटरप्रमाणे वेगळी, रीडिंग येताना आणि जाताना स्वतः बघून लिहून ठेवायचं. बिल कन्नडात येतं, मामा माझ्याकडूनच वाचून घेतात, त्यामुळे युनिटचा खरा दर मला माहीत आहे आणि त्यांना माहीत आहे की मला माहीत आहे. तिथं घासाघीस होत नाही.

दराचं सांगतो. साइटवर रात्रीचे चोवीसशे दाखवतात, वर साफसफाई आणि कर. त्यातले मामांच्या हाती किती पडतात ते ऐकून मी गप्प झालो. हल्ली मी सरळ मामांना फोन करतो, सतराशे. दोघांचाही फायदा. चोवीसशे द्यायच्या लायकीची जागा आहे का? उन्हाळ्यात विचारलं असतं तर नाही म्हटलं असतं. त्या जुलैच्या रात्रीनंतर म्हणतो, सतराशेला डोळे झाकून, चोवीसशेला फक्त पावसाळ्यात, आणि डिलक्स खोली फुकट दिली तरी पावसाळ्यात नको.

आता नवीन काळजी. मामांचा पोरगा म्हणतो, डिसेंबरच्या गर्दीआधी गोठ्यातली शहाबादी काढून सगळं लेव्हल करू, पांढऱ्या टाइल्स घालू. कंत्राटदार तोच, बाथरूमवाला! मी मामांना म्हटलं, जमिनीला हात लावू नका, फक्त पलंगापुरता लाकडी चौथरा करा, चार फळ्या आणि खाली उताराप्रमाणे कापलेल्या पट्ट्या, सुतार एका दिवसात करेल. मामा म्हणाले, "पोरगं म्हणतंय गिऱ्हाईक तक्रार करत्यात उताराची." मी विचारलं, कोण गिऱ्हाईक? ते माझ्याकडे बघत राहिले. एवढंच सांगतो की तक्रार पलंगाची होती, असं आता साइटवालेसुद्धा म्हणतायत.

अजून ठरलेलं नाही. जाणार असाल तर फोनवर आधी विचारा की शहाबादी आहे की टाइल्स. शहाबादी असेल तर बिनधास्त जा, ठोकळे पलंगाखालीच आहेत. आणि अंघोळीच्या पाण्याचं बोलून घ्या. सोलरचं पाणी पावसाळ्यात आणि थंडीत कोमटसुद्धा होत नाही, मग मामा अंगणात तांब्याचा बंब पेटवतात. पाणी एक नंबर, धुराचा तो वास अंगाला दुपारपर्यंत राहतो आणि बरा वाटतो. पण जळणाचे प्रत्येक पेटवणीला पन्नास रुपये लावतात. जळण त्यांच्याच परसातलं, फणसाच्या फांद्या छाटलेल्या. भाडं ठरवतानाच हे त्यात धरून घ्या, कारण नंतर मामा ऐकत नाहीत. मी अजून देतोय.